अटादाचं खळं

"प्रेत कुठंय?" मुकादमांनी विचारलं.

आमच्या अंगणात, थंड पडलेल्या तेलघाण्याच्या लाकडी लाटेला हात टेकून ते उभे होते. मी उंबऱ्यात. आई आत, भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिलाही ऐकू जावं अशाच बेतानं ते बोलत होते.

"समुद्रात," मी म्हटलं.

"म्हणजे नाही. प्रेत नाही, कबर नाही, त्याला मरताना डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नाही. मग सात दिवस बसायचं ते कुणासाठी? जित्या माणसाचं सुतक धरणार तुम्ही?"

"तीन महिने झाले, मुकादमकाका."

"तीस वर्षं होईनात. नियम नियम आहे, मिल्का."

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. आता पंच्याऐंशीची आहे. हाड अजूनही नाही. आणि त्या 'प्रेत कुठंय'चा राग मला आजपर्यंत येतो.

आम्ही बेने इस्रायल. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून खाडीकाठचा सगळा मुलूख आम्हाला शनवार तेली म्हणायचा, आणि आमच्या प्रार्थनाघराला मशीद. शेरवलीत आमची चौदा घरं होती. चौदा घरांवर हसाजी मुकादमांचा शब्द चालायचा, आणि ते काही वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच खेपेला बाबा तेलाचे डबे घेऊन मचव्यानं मुंबईला निघाले, आणि मचवा बुडाला. मचवा हाकणारा तांडेल पोशा कोळी तेवढा वाचला. "रऊबेनशेटला डब्याला धरून तरंगताना बघितला," तो म्हणाला, "मंग एक लाट आली नि डबाच दिसला." कोळीवाड्यातल्या बायांनी त्याच आठवड्यात कुंकू पुसलं, रडून घेतलं, दिवस घातले. आमच्याकडे मात्र बाबा ना जिवंत ना मेलेले. माणूस पुरला की मगच सात दिवस मोजायला लागायचं, ही आमची रीत. पुरायलाच कुणी नाही, तर मोजायला सुरुवात कुठून करायची?

आई रोज सकाळी धक्क्यावर जायची. दुपारी यायची, बाबांचं ताट वाढायची, ते उचलून ठेवायची. रडली एकदाही नाही. रडणार कशी? रडली तर तिनंच नवऱ्याला मारल्यासारखं झालं असतं. मग ती धक्क्यावर जायचीही थांबली, आणि जेवायचीही. हनुवटीची हाडं वर आली. मला सरळ दिसत होतं की आई अशीच संपणार, आणि मग मुकादम खुशाल म्हणणार, आता प्रेत आहे, आता बसा.

"आणि दुसरीही गोष्ट आहे," जाता जाता मुकादम आवाज उतरवून म्हणाले. "तिनं सुतक धरलं की लोक तिला विधवा समजणार. उद्या कुणी मागणी घातली, लग्न झालं, आणि परवा रऊबेन दारात उभा राहिला, तर? ते पाप कुणाच्या माथी?"

पंचेचाळीस वर्षांची माझी आई, अंगावर मूठभर मांस नाही, आणि हे तिच्या लग्नाची काळजी करत होते!

मी तशीच उठून मशिदीच्या मागच्या खोलीत रहमिम मास्तरांकडे गेले.

मास्तर आमचे हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे. मुंबईच्या शाळेत हयात घालवून उतारवयात आमच्याकडे आले होते. राहणं, जेवण मुकादमांच्या कृपेवर, त्यामुळे मुकादमांसमोर ते चकार शब्द काढत नसत. त्यांना नाद एकच. पवित्र शास्त्रात आलेली प्रत्येक जागा नकाशावर नेमकी कुठं पडते ते शोधायचं. त्यांचा हात थरथरायचा, म्हणून नकाशावर नावं लिहायला मला बसवत. शिकलेली पोर म्हणून कौतुक, आणि फुकटची म्हणून सोय.

तेव्हा ते एकाच जागेपाशी अडले होते. अकरा वर्षं. अटादाचं खळं. पेन्सिलीनं तीन ठिकाणी टिंबं, प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह. एक टिंब यार्देन नदीच्या पूर्वेला, एक अलीकडे यरीहोजवळ, एक पार खाली समुद्राच्या वाटेवर.

"मास्तर, जित्याचं सुतक म्हणतात मुकादम," मी दारातूनच म्हटलं. "तुमच्या पुस्तकात काहीच नाही का आमच्यासाठी?"

त्यांनी चष्मा पुसला. न ऐकल्यासारखं करायची त्यांची ती सवय होती. "बस. आज तिसरं टिंब खोडावं म्हणतो. योसेफ मेलेल्या बापाला घेऊन मिसर देशातून हेब्रोनला निघाला. सरळ वाट सोडून तो यार्देनेपलीकडे वळसा कशाला घालेल? आणि लिहिलंय तर पलीकडे. आता पलीकडे म्हणजे कुठून पलीकडे?"

"त्या खळ्यावर झालं काय होतं?"

"विलाप. मोठा विलाप. सात दिवस. एवढा, की तिथले कनानी लोक बघत राहिले, आणि त्यांनीच त्या जागेला शोकाचं नाव दिलं."

"आणि पुरलं कधी?"

"नंतर. पुढे हेब्रोनला, गुहेत."

मास्तरांच्या हातातला चष्मा तिथंच थांबला. मी पुढे झाले.

"म्हणजे सात दिवस आधी. पुरणं मागाहून."

"मिल्का..."

"लिहिलंय की नाही असं?"

"लिहिलंय," ते पुटपुटले. "अकरा वर्षं वाचतोय. मी जागाच बघत राहिलो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते घाबरले. "पण प्रेत होतं गं त्यांच्याजवळ. पेटीत होतं. मुकादम हेच म्हणतील. आणि म्हणतील, तेव्हा सीनाय डोंगरावरचे नियम आलेले नव्हते."

"म्हणू देत."

मुकादम अगदी तेच म्हणाले. शनिवारी प्रार्थना संपल्यावर, सगळ्यांदेखत, मशिदीच्या पायरीवर. बाई माणसानं पायरीवर उभं राहून मुकादमाला पुस्तक दाखवायचं म्हणजे काय, लोकांना पुढची कितीतरी वर्षं चघळायला विषय झाला.

"ते नियमाच्या आधीचं आहे," मुकादम म्हणाले.

"म्हणजे नियम यायच्या आधीही माणसं रडत होती," मी म्हटलं. "मग आता का नाही?"

कुणीतरी खोकलं. मुकादमांची कानशिलं लाल झाली. "रड ना. पण या मशिदीचे दहा माणूस तुझ्या दारात उभे राहणार नाहीत. कद्दिश होणार नाही. पहिला घास कुणी आणून देणार नाही. शेरवलीत हे सुतक होणार नाही."

कद्दिश ही मेलेल्यासाठीची प्रार्थना, दहा पुरुष जमल्याशिवाय ती म्हणता येत नाही. आणि सुतकातला पहिला घास घरचा चालत नाही. शेजाऱ्यानं आणायचा असतो. तेवढा शब्द उच्चारून त्यांनी आमच्या चौदा घरांची दारं एका दमात लावून टाकली.

"शेरवलीत नाही ना?" मी विचारलं. "बरं. खाडीपलीकडे करते."

खरं सांगते, हे तोंडातून निघेपर्यंत माझ्या डोक्यात काही नव्हतं. पण बोलून बसले होते.

दुसऱ्या दिवशी तरीच्या होडीत बसून पलीकडे कुसूंबीला गेले. मार्गशीर्ष लागला होता. भात कापून झालेलं, शेताशेतात भाऱ्यांच्या उडव्या रचलेल्या, खळी शेणानं सारवून लख्ख केलेली. चिंचेजवळ अनंता म्हात्रे आपल्या खळ्याच्या कडेला बसून झोडणीची फळी धुत होता. आगरी माणूस, काळा, रुंद, बोलायला कंजूष. त्याचे बैल बाबांच्या घाण्याची पेंड खाऊन वाढलेले.

"अनंतादादा, तुमचं खळं हवंय. सात दिवस."

"क करायला?"

"रडायला."

मी सगळं सांगितलं. मशीद, मुकादम, आई. अटादाचंही सांगितलं. तो फळी धुतच राहिला. उडव्यांवर पोपटांचा थवा उतरला, त्यानं हात उगारून हुसकला. मला वाटलं, हा नाहीच म्हणणार. कोण म्हणेल हो? वर्षाचं भात उघड्यावर, झोडणी तोंडावर, आणि दुसऱ्या धर्माची एक पोरगी येऊन खळं मागते, तेही सुतकाला.

"तो अटाद," शेवटी तो म्हणाला, "त्याचाबी भात असंल ना उडवीत?"

"असेल. गहू असेल."

"तरी दिलान?"

"दिला असणारच. नाहीतर सात दिवस कसे झाले असते?"

त्यानं फळी उचलून चिंचेला उभी केली. "मंग आन आयेला."

आईला मी उचलूनच नेलं म्हणा ना. तरीतून उतरताना ती म्हणाली, "मुकादमांनी नको म्हणून सांगितलंय ना?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मग चल." मला वाटत होतं ओढून नेते आहे. ती तर माझ्यापुढे चालत होती.

खळ्यावर गवताची चटई टाकली. शेजारच्या राखणीच्या खोपटीत आमचंच खोबरेल घालून दिवा लावला. आईनं वहाणा काढल्या, चोळीच्या गळ्याला हात घातला, आणि थांबली. शोकाला अंगावरचा कपडा फाडायची आमची रीत; इतर वेळी जाणती माणसं जवळ असतात, मंत्र म्हणतात, पहिला काप देतात. इथं मी होते, आणि बांधावर उभं राहून बघणारी कुसूंबी.

"मी फाडू?" मी विचारलं.

"नवरा माझा आहे," आई म्हणाली आणि तिनं चोळी टर्रकन फाडली. तीन महिन्यांत तिच्या अंगात एवढा जोर मी पाहिला नव्हता.

मग पहिला घास. मी घरून उकडलेली अंडी बांधून नेली होती, पण तो घरचा घास, चालणार नव्हता. तोंडानं काही न मागता आम्ही बसून राहिलो. ऊन डोक्यावर आलं तशी अनंताची बायको ठमाबाय आली. तिच्या डोक्यावर मडकं होतं, नवंकोरं, कुंभाराकडून उचलून आणलेलं. मडक्यात अंडी आणि मसूर.

"आमचे भांड्यान कोलंबी शिजते," ती म्हणाली. "तुमचे लोकांना ती चालत नाय, मना म्हाईत हाय. म्हनून कोरा मडका घेतला. चूलबी तीन धोंड्यांची नवी मांडली."

आई मडक्याकडे बघत राहिली. हे ठमाबायला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. तीस वर्षं तेल घ्यायला येता येता तिनं पाहिलं होतं. चौदा घरांनी लावलेलं दार त्या मडक्यानं उघडलं. आईनं अंडं सोललं, अर्धं खाल्लं, आणि तिला हुंदका फुटला. ठमाबायनं तिला मिठी मारली आणि आगरी बायका रडतात तसं गळा काढून रडायला लागली, शब्द लावून, रऊबेनशेटचं नाव घेऊन, त्याच्या मापाचं, त्याच्या पांढऱ्या टोपीचं, त्याच्या न चुकणाऱ्या शनिवाराचं. बांधावरच्या बायका एकेक करून खळ्यात उतरल्या. आणि माझी आई, जी कधी मोठ्यानं हाक मारायची नाही, ती असं ओरडून रडली की खाडीतल्या होडीवाल्यांनी वल्ही थांबवली.

अलीकडच्या तीरावर शेरवलीची माणसं जमली. मुकादमही होते. पांढरा अंगरखा मला ओळखू येत होता. ते हलले नाहीत, मीही हात केला नाही.

तिसऱ्या दिवशी मास्तर आले. एकटे, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं. "दहा माणूस नाहीत, कद्दिश मला म्हणता येणार नाही," ते म्हणाले, "पण वाचता येईल." आणि अटादाच्या खळ्याचा अध्याय त्यांनी तिथंच बसून वाचला. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, आम्ही जमिनीवरून उठून धोंड्यावर बसलो, शोक झाकून ठेवला. मास्तरही शुक्रवारी दुपारीच येऊन राहिले, कारण शनिवारी होडीत बसणं आम्हाला चालत नाही. सातव्या दिवसापर्यंत शेरवलीतली सहा माणसं आली. सहाच. दहा कधी झाली नाहीत, आणि मी उगाच झाली म्हणणार नाही.

पाचव्या दिवशी आभाळ भरून आलं. अनंताचे भाऊ खळ्याच्या कडेला येऊन तावातावानं बोलू लागले. एक पाऊस पडला असता तर उडव्यांतलं भात रुजून वर आलं असतं. मी उठले. "दादा, पुरे. पाच झाले ते खूप झाले."

"त्या अटादानं सात दिलं ना?" अनंता म्हणाला.

"हो."

"मंग सात म्हंजे सात. बस खाली."

पाऊस पडला नाही. पडला असता तरी तो तेच म्हणाला असता, अशी माझी खात्री आहे.

सातव्या दिवशी निरोप घेऊन मुकादमांचा माणूस आला. आता गळ्यातलं मंगळसूत्र काढणार का, असं मुकादमांनी विचारलं होतं. आईनं चटईवरून उठत, गुडघे झटकत उत्तर दिलं:

"त्यांना सांग, मंगळसूत्र आहे तिथंच राहील. मी लग्न करायला बसले नव्हते, रडायला बसले होते."

घरी आल्यावर तिनं बाबांचं ताट घासून फळीवर पालथं घातलं आणि स्वतःसाठी वाढून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात घाणा सुरू केला.

चार वर्षांनी मुकादम कुटुंबासकट इस्रायलला गेले. एकेक करून बरीच घरं गेली. मास्तर गेले ते वरच. नकाशा माझ्याकडे ठेवून. तीन टिंबं, तीन प्रश्नचिन्हं, तशीच. आई आणि मी राहिलो. मी शाळेत शिकवत होते. खाडीपलीकडच्या त्या खळ्याला कुसूंबीची माणसं आता तेलणीचं खळं म्हणत, आणि आईला त्याचं काही वाटत नसे.

त्या घटनेला बारा वर्षं झाली आणि मार्गशीर्षातच इस्रायलहून पत्र आलं. अक्षर मुकादमांचं, पण वेडंवाकडं. तिकडच्या लढाईत त्यांचा नातू मनू गेला होता. गेला, असं म्हणायलाही कुणी तयार नव्हतं. वाळवंटात रणगाड्यासकट बेपत्ता. प्रेत नाही. सून, मनूची आई, रोज बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहते. तिथले धर्मगुरू म्हणतात, थांबा. पुढं लिहिलं होतं:

"मिल्का, तू पायरीवर दाखवलं होतंस ते खळं मी इथं शोधतो आहे. मी त्याच देशात आहे. जो तो वेगळी जागा सांगतो. कुणी म्हणतं नदीपलीकडे, तो तर शत्रूचा मुलूख, तिकडे जाताही येत नाही. रहमिमच्या नकाशात शेवटी कुठलं टिंब खरं ठरलं? सुनेला घेऊन जायचं आहे. कळव."

खोटं कशाला सांगू, मी लगेच कागद घेतला आणि दोनच शब्द लिहिले. प्रेत कुठंय? बारा वर्षं ते दोन शब्द मला त्यांना परत करायचे होते. लिहून झाल्यावर बरं वाटलं. मग आईला मुकादमांचं पत्र वाचून दाखवलं आणि माझं उत्तरही.

आई उठली. डोक्यावर पदर घेतला आणि बाहेर पडली. उन्हं कलल्यावर परतली ती पायांना गुडघ्यापर्यंत चिखल लावून.

"अनंताला सांगून आले," ती म्हणाली. "उद्यापासून झोडणी धरणार होता. सात दिवस थांबतो म्हणाला."

"आई, मुकादम काय तिथून इथं येणार आहेत?"

"नाही येणार. मी बसेन. पोर माझ्या घाण्याच्या लाटेवर बसून गरगर फिरायचा." तिनं पायांवर पाणी ओतलं. "तू लिही त्यांना. ती जागा कुणाला सापडायची नाही, शोधत बसू नका म्हणावं. तिथं कुणी खळं दिलं तर सुनेला घेऊन बसा. नाही दिलं, तर इथलं आहे."

"आणि हे लिहिलंय ते?"

"फाडायचं असलं तर फाड."

मी फाडलं नाही. ते दोन शब्द त्यांना वाचावे लागणार होते. कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला आईचा निरोप आणि खाली इथल्या खळ्याचा पत्ता लिहिला. शेरवलीच्या धक्क्यावरून तरीची होडी. पलीकडे उतरून डावा बांध. मोठ्या चिंचेपासून वीस पावलं, पूर्वेला. प्रश्नचिन्ह नाही.

अटाद कोण होता, हे कुणी लिहून ठेवलं नाही. म्हणून मी खळ्याच्या मालकाचं नाव पेन दाबून दोनदा गिरवलं: अनंता गोमा म्हात्रे.